गुणवहीतून उभी राहिलेली शर्यत

शंकरपटात जोडी सुटली की निकाल काही सेकंदांत लागतो. वर्षभर सरकी-ढेप खाऊ घालून तयार केलेली जोडी त्या क्षणी बिथरली, तर मालकाच्या हाती काही उरत नाही. तो बैलांच्या पाठीवर हात फिरवतो आणि गाडी भरून गावाकडे निघतो. आपल्याकडच्या सायकल शर्यतींची रीतही बहुतेक अशीच आहे. एखादी जयंती किंवा राष्ट्रीय सण, एक झेंडा, एक चषक. सकाळी सातला सुटायचे आणि दहाला बक्षीस वाटप. त्या तीन तासांत ज्याची ट्यूब फुटली, त्याचे नाव कुठेच उरत नाही.

या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहा, असे मला सांगण्यात आले. मी मुद्दाम एका वेगळ्या संस्थेचा इतिहास लिहीत आहे. रस्त्यावरच्या सायकल शर्यतींचा पूर्ण हंगाम एका माळेत ओवायचा, प्रत्येक शर्यतीला गुण द्यायचे आणि हंगामाच्या शेवटी बेरीज करून विजेता ठरवायचा, अशी ती पद्धत. तिला इमारत नाही. पण तिला नियम आहेत, नोंदवही आहे, संस्थापक आहेत आणि वारसही आहेत. ती एकदा मोडली, परत उभी राहिली, पुन्हा मोडली आणि आज अनेक देशांत चालू आहे. वाशीम जिल्ह्यातल्या सायकल चालवणाऱ्या मुलामुलींना सर्वांत जास्त गरज याच संस्थेची आहे, असे मला ठामपणे वाटते, म्हणून तिचा इतिहास त्यांच्यासमोर ठेवतो.

गुणांची कल्पना एका घोटाळ्यातून निघाली. आंरी देग्रांज या संपादकाने ‘लोतो’ या आपल्या क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली. पहिले वर्ष गाजले. दुसऱ्या वर्षी लोकांनी रस्त्यात खिळे टाकले, आपल्या गावचा गडी पुढे जावा म्हणून इतरांना रात्रीच्या अंधारात मारहाण केली, आणि काही स्पर्धक चक्क आगगाडीत बसून पुढे गेले. चौकशी होऊन पहिले चारही क्रमांक बाद झाले आणि पाचवा आलेला आंरी कोर्ने हा अवघ्या १९ वर्षांचा मुलगा विजेता ठरला. स्पर्धा आता संपली, असेच देग्रांजला वाटत होते.

पण १९०५ साली त्याने स्पर्धा नव्या पायावर उभी केली. टप्पे ६ वरून ११ केले, म्हणजे प्रत्येक टप्प्याचे अंतर लहान झाले आणि रात्रीचा प्रवास कमी झाला. त्याहून मोठा बदल निकालात होता. एकूण वेळ मोजण्याऐवजी त्याने गुण मोजले. पहिल्याला एक, मागच्यांना त्यांच्या क्रमाने जास्त, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. लुई त्रुसेलिए ३५ गुणांवर जिंकला. त्या वर्षीही पहिल्याच टप्प्यात खिळे पडले होते, पण वेळेचा हिशेब असता तर जितके नुकसान झाले असते तितके गुणांमुळे कुणाचेच झाले नाही. एका टप्प्यावर घात झाला तर एका टप्प्याचेच नुकसान. बाकीचे दहा टप्पे हातात राहतात. रस्त्यावरच्या खेळात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. तो वाटा कमी करण्याचा हा पहिला शहाणा प्रयत्न होता.

आठ वर्षे टूर गुणांवर चालली. १९१० साली १५ टप्प्यांनंतर ऑक्ताव लापिझचे ६३ गुण झाले आणि फ्रांस्वा फाबेरचे ६७. साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतर, पिरेनीजचे प्रथमच चढलेले घाट, आणि फरक चार गुणांचा. त्याच्या आदल्या वर्षी फाबेर जिंकला होता. तेव्हा लिआँ शहर एक किलोमीटरवर असताना त्याची चेन तुटली. त्याने सायकल हाताने ढकलत धाव घेतली आणि टप्पा जिंकला. एक क्रमांक म्हणजे एक गुण हे ज्याला माहीत असते, तो असा धावतो.

या पद्धतीत दोष नव्हता असे नाही. चाकभर अंतराने हरलेला आणि तासाभराने मागे राहिलेला, दोघांनाही एकाच गुणाचा फरक. त्यामुळे मोठ्या आघाडीने जिंकणारा नाराज व्हायचा आणि मागचे आरामात यायचे. टीका वाढली आणि १९१३ साली टूर परत वेळेवर गेली. त्याच वर्षी युजेन क्रिस्तॉफ तूरमाले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपाँ या गावी पोहोचला. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः हातोडा चालवून चिमटा जोडला, कारण दुसऱ्याची मदत घ्यायला बंदी होती. एका मुलाने भाता हलवला म्हणून पंचांनी त्याला वरून दंड केला. चार तासांच्या आसपास वेळ गेला आणि स्पर्धा तिथेच हातातून गेली. गुणांची पद्धत असती, तर त्या दिवशीचा एक वाईट क्रमांक तेवढा त्याच्या खात्यावर लागला असता. खेळाच्या इतिहासात क्रिस्तॉफ अमर झाला हे खरे, पण टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

इथपर्यंत गुण एकाच स्पर्धेच्या आत होते. वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या आयोजकांच्या शर्यती एका वहीत आणण्याचे मोठे काम दुसऱ्या महायुद्धानंतर झाले. १९४८ साली फ्रान्स, इटली आणि बेल्जियममधल्या चार वृत्तपत्रांनी एकत्र येऊन ‘देग्रांज-कोलोंबो चॅलेंज’ सुरू केले. देग्रांज १९४० साली वारला होता. एमिलिओ कोलोंबो हा इटलीच्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’चा संपादक, तोही नुकताच गेला होता. दोन दिवंगत संपादकांच्या नावाने, एरवी खपासाठी एकमेकांशी झुंजणाऱ्या पत्रांनी ही मालिका चालवली. मिलान-सान रेमोपासून लोंबार्दीपर्यंत, वसंतापासून शरदापर्यंत नऊ शर्यतींचे गुण त्यांनी एका तक्त्यात मांडले. पहिला विजेता बेल्जियमचा ब्रिक स्खोते. त्या वर्षी टूर द फ्रान्समध्ये तो दुसरा आला होता. पुढच्या वर्षी फाउस्तो कॉप्पी, नंतर फेर्दी क्युब्लर तीनदा. दहा-अकरा वर्षांनी आयोजकांमध्ये बेबनाव झाला आणि १९५८ च्या हंगामानंतर ही वही बंद पडली. गुण देणाऱ्यांचा आपसात विश्वास राहिला नाही, की खेळाडू कितीही चांगले असोत, मालिका टिकत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या तालुका मंडळांनी हे लक्षात ठेवावे.

१९५९ पासून तिची जागा ‘सुपर प्रेस्टिज पेर्नो’ने घेतली. पेर्नो ही फ्रान्समधली मद्य बनवणारी कंपनी. या मालिकेबरोबरच फ्रेंच खेळाडूंसाठी वेगळी आणि तरुण फ्रेंच खेळाडूंसाठी आणखी एक, अशा राष्ट्रीय गुणमालिकाही त्याच नावाखाली चालत. विजेत्यांची यादी मोठी आहे. एडी मर्क्स तर १९६९ ते १९७५ सलग सात वर्षे जिंकला. पण मला त्या यादीतले १९६४ हे वर्ष सर्वांत जवळचे वाटते.

त्या वर्षीचा विजेता रेमों पुलिदोर. मध्य फ्रान्समधल्या एका गरीब कुळ शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून शेतात राबलेला. टूर द फ्रान्समध्ये तो त्या वर्षी जाक आंक्तीलकडून ५५ सेकंदांनी हरला. पुढेही कितीतरी वेळा तो दुसरा किंवा तिसरा आला. टूरची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही. ‘कायमचा दुसरा’ म्हणून जग त्याला ओळखते. पण १९६४ चा पूर्ण हंगाम मोजला, तेव्हा बेरजेत पहिला पुलिदोर होता. त्या वर्षी त्याने स्पेनची ‘व्हुएल्ता’ जिंकली होती आणि बाकीच्या शर्यतींतही तो सतत पुढे होता. टूरच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘दुसरा’ लिहिले गेले, हंगामाच्या वहीत ‘पहिला’. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. दुसरी वही ठेवणारे कुणी नसते, तर पहिलीच तेवढी खरी ठरली असती.

आयर्लंडचा शॉन केली हाही शेतकऱ्याचा मुलगा. वडील इस्पितळात असताना शेत सांभाळायला म्हणून तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. टूर त्यानेही कधी जिंकली नाही. पण १९८४ ते १९८६ सलग तीन वर्षे पेर्नो मालिका त्याचीच होती. मार्चच्या पावसात आणि ऑक्टोबरच्या थंडीत, शर्यत मोठी असो की लहान, तो येत असे आणि गुण घेऊन जात असे.

थोडे आडवळण घेऊन इंग्लंडच्या एका बाईंबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिकडे १९३० पासून ‘बेस्ट ऑल-राउंडर’ नावाची हंगामी राष्ट्रीय स्पर्धा आहे. ती एका साप्ताहिकाने सुरू केली. हिच्यात गुणांऐवजी ठरलेल्या अंतरांवरच्या सर्वोत्तम वेगांची सरासरी काढतात, पण तत्त्व तेच, हंगामभराचा हिशेब. या स्पर्धेचा महिला गट बेरिल बर्टन यांनी १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षे जिंकला. लहानपणी संधिवाताच्या तापाने त्या कित्येक महिने रुग्णालयात होत्या आणि डॉक्टरांनी त्यांना दगदग टाळायला सांगितले होते. पुढे त्या रुबार्ब या भाजीच्या शेतात मजुरी करत. घर, मुलगी, शेत आणि सायकल, चारही एकाच वेळी. रस्त्यावरचे जागतिक विजेतेपद त्यांनी दोनदा मिळवले. १९६७ साली १२ तासांच्या शर्यतीत त्या २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर गेल्या. त्याच दिवशी पुरुषांमध्ये माइक मॅकनमारा नवा विक्रम करत होता. त्याला मागून गाठल्यावर बर्टनबाईंनी खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्याला दिली आणि त्या पुढे निघून गेल्या. त्यांचे अंतर पुरुषांच्या नव्या विक्रमापेक्षाही जास्त भरले. मानव विकास कार्यक्रमातल्या सायकलींवर आपल्या खेड्यापाड्यांतून ज्या मुली रोज शाळेत जातात, त्यांच्या वर्गात या बाईंचे चित्र लावलेले मला बघायचे आहे.

पेर्नो मालिका १९८७ साली संपली. फ्रान्समध्ये खेळात मद्याच्या जाहिरातींना बंदी आली आणि ज्या एका नावावर मालिका उभी होती ते नावच गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९८९ पासून विश्वचषक मालिका घेतली. तिचा पहिला विजेता पुन्हा शॉन केलीच. ती २००४ पर्यंत चालली. २००५ पासून प्रो टूर आणि खंडांनुसार मालिका आल्या. आशियाची मालिकाही तेव्हाचीच.

राष्ट्रीय पातळीवरच्या गुणमालिकेचे टिकाऊ उदाहरण मात्र फ्रान्सच्या ‘कूप द फ्रान्स’चे आहे. १९९२ पासून ती चालू आहे. फ्रान्सभर विखुरलेल्या एकदिवसीय शर्यती, जिंकणाऱ्याला ५० गुण, खाली उतरत्या क्रमाने इतरांना, आणि हंगामाच्या शेवटी बेरीज. महिलांची मालिका वेगळी आहे. यातल्या बहुतेक शर्यती लहान गावांच्या आहेत. एकेकटीला जगात कुणी विचारले नसते. मालिकेत आल्यामुळे मोठ्या संघांनाही त्या गावी जावे लागते, कारण गुण तिथे आहेत.

त्यातली ‘त्रो-ब्रो लेऑन’ ही शर्यत आपल्या माणसांनी समजून घ्यावी अशी आहे. ब्रिटनी हा फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा शेतीचा मुलूख. तिथली ब्रेटन भाषा आक्रसत चालली म्हणून लोकांनी ‘दिवान’ नावाच्या ब्रेटन माध्यमाच्या शाळा काढल्या. त्या शाळांना पैसा उभा करण्यासाठी १९८४ साली झां-पॉल मेलुए यांनी लानिलिस या गावी ही शर्यत सुरू केली. डांबरी रस्त्यांबरोबरच शेतांमधल्या कच्च्या वाटांवरून, म्हणजे आपण ज्यांना पांदण रस्ते म्हणतो तशा वाटांवरून, ती जाते. ब्रिटनीच्या खेळाडूंमध्ये जो सर्वांत पुढे येतो त्याला डुकराचे जिवंत पिल्लू बक्षीस मिळते, कारण त्या मुलखात शेतकऱ्याच्या घरचे धन तेच. पांदण रस्ता, मायबोलीची शाळा आणि शेतकऱ्याच्या घरचे बक्षीस एवढ्या भांडवलावर सुरू झालेली शर्यत राष्ट्रीय मालिकेत जाऊन बसली. आपल्याकडे यातले काय कमी आहे?

आपल्या देशात सायकलिंगची राष्ट्रीय संघटना १९४६ साली स्थापन झाली. जानकीदास आणि मुंबईचे सोहराब भूत यांचा त्यात मोठा वाटा होता. महाराष्ट्रात बोरघाट चढून जाणारी मुंबई-पुणे शर्यत अनेक पिढ्यांनी पाहिली आहे. तिथे घाटात पहिला येणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी खेळाच्या भाषेतला मानाचा शब्द झाला. जानेवारी २०२६ मध्ये १९ ते २३ तारखेला पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, ४३७ किलोमीटरची आणि आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २.२ दर्जाची. आशियाई मालिकेचे गुण महाराष्ट्राच्या रस्त्यावर दिले गेले, ही मोठी गोष्ट आहे. विदर्भाचेही नाव मागे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९ हजार किलोमीटरहून लांबची शर्यत. भंडाऱ्याची मयूरी लुटे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रॅकवर उतरली. ही माणसे आपल्याच मातीतून गेली. मात्र तालुक्यातली शर्यत आणि देशाची जर्सी यांच्यामध्ये चढायला पायऱ्या लागतात. हंगामभराची गुणमालिका ही त्यातली पहिली पायरी आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. समृद्धी महामार्ग आपल्या शिवारातून जातो, पण त्यावर सायकलला मुभा नाही. तिची गरजही नाही. मेडशीहून पातूरकडचा घाट चढ-उतारासाठी आहे, मंगरूळपीर ते कारंजा हा वेगाचा पट्टा आहे, मानोऱ्याहून पोहरादेवीकडचा रस्ता आहे, रिसोडहून शिरपूर जैनकडचा आहे, वाशीमहून अनसिंगकडचा आहे. आपला हंगामही आपोआप ठरलेला आहे. सोयाबीन घरात आले, दिवाळी झाली, की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळची हवा सायकलची असते. मार्चनंतर ऊन कुणाचे ऐकत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांसमोर माझी मागणी सरळ मांडतो. येत्या दिवाळीनंतर सहा तालुक्यांत सहा शर्यती घ्या, प्रत्येक तालुक्याने आपली एक. पहिल्या पंधरा जणांना गुण द्या. सहापैकी सर्वांत वाईट एक निकाल प्रत्येकाच्या बेरजेतून वगळा, म्हणजे एका पंक्चरने कुणाचा हंगाम जाणार नाही. बेरीज सारखी आली तर जास्त शर्यती जिंकणारा पुढे. मुलींची मालिका वेगळी असावी आणि तिचे बक्षीस मुलांएवढेच असावे. गिअरच्या महागड्या सायकली आणि साध्या काळ्या सायकली एका गटात धावू नयेत. शाळेच्या सायकलवर येणाऱ्यासाठी वेगळा गट ठेवा. सगळा खर्च एकाच देणगीदाराच्या खिशावर टाकू नका. पेर्नोचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. प्रत्येक शर्यतीनंतर त्याच दिवशी गुणतक्ता सही-शिक्क्यासह तालुक्याच्या ठिकाणी सर्वांना दिसेल असा लावा. आक्षेपासाठी दोन दिवस द्या, त्यानंतर खाडाखोड नको.

सुरुवातीला लागते ती एक जाड पुठ्ठ्याची वही, एक स्टॉप-वॉच आणि सहा तालुक्यांतून प्रत्येकी एक विश्वासाचा माणूस. वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर तालुक्यांची सहा नावे लिहिली आहेत आणि त्यांच्यापुढच्या जागा कोऱ्या आहेत. आपल्या तालुक्यापुढे नाव घालण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभाच्या दिवशी मला भेटावे.